दोन किरकोळ रजा आणि एक समुद्र

बँकेतल्या कारकुनाला सहलीचा बेत आखताना आधी ठिकाण सुचत नाही, आधी तारखा सुचतात. इतर लोक म्हणतात, "चला, काश्मीरला जाऊ. कधी जायचं?" आम्ही म्हणतो, "शुक्रवार ते मंगळवार जाऊ. कुठं जायचं?" नव्या वर्षाचं कॅलेंडर हाती पडलं की लोक त्यात एकादशी आणि चतुर्थी पाहतात, आम्ही रविवारला चिकटून आलेले सण पाहतो. आणि एखादा सण ऐन रविवारीच आला, तर आमच्या शाखेत कुणी गेल्यासारखी शांतता पसरते.

२०१९ ची दिवाळी या दृष्टीनं संमिश्र होती. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही २७ ऑक्टोबरला, म्हणजे एकाच रविवारानं दोन सण गिळलेले. पण आदल्या दिवशी चौथा शनिवार आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. शुक्रवारची एक आणि मंगळवारची एक अशा दोन किरकोळ रजा गुंतवल्या की पाच दिवस हाती! मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. दोनाचे पाच करून देणारी योजना आमच्या बँकेत नाही. जिथं असते तिथले संचालक पुढे सापडत नाहीत. तेव्हा मी दोन्ही अर्ज जुलैतच टाकून ठेवले.

जुलैत मला ठाऊक नव्हतं, की ऑगस्टात कृष्णामाई आमच्या घरी मुक्कामाला येणार आहे.

आम्ही सांगलीचे. त्यात गावभागातले, आणि त्यातही तळमजल्यावरचे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं, तेव्हा ही म्हणाली, "अहो, सामान वरच्या मजल्यावर नेऊ या का?" मी म्हणालो, "काही गरज नाही. २००५ सालच्या महापुरातसुद्धा पाणी आपल्या दुसऱ्या पायरीपर्यंतच आलं होतं. खूण आहे माझ्याकडे." आकड्यांवर विश्वास ठेवायची ही सवय मला बँकेनं लावली. नदीला बँकेची कार्यपद्धती माहीत नव्हती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ती ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि माझी पायरी, माझी खूण आणि माझी विद्वत्ता तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत पाण्याखाली गेल्या.

पाणी उतरल्यावर घरात शिरलो. लाकडी कपाट गरोदर असल्यासारखं फुगलेलं. लग्नाचा अल्बम हातात घेतला, तर सगळे वऱ्हाडी एकमेकांत मिसळून गेलेले. हिच्या मावशीला माझ्या मामाच्या मिशा आल्या होत्या. ते बघून ही हसलीसुद्धा. मग तिनं गव्हाचं पिंप उघडलं. उन्हाळ्यात भरून ठेवलेला वर्षाचा गहू. त्याला बोटभर कोंब आले होते. पिंपाचं झाकण हातात धरून ती तशीच चिखलात खाली बसली. त्या वेळी मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मी बादली आणतो."

नंतर दोन महिने त्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहिली. तिला कुठल्या खात्यात टाकायचं हे दोघांनाही माहीत होतं, पण व्हाउचर कुणी करीना.

सप्टेंबर संपता संपता ही एकदम म्हणाली, "या वर्षी घरात दिवाळी नको. भिंती अजून ओल्या आहेत. पोराची परीक्षा आहे, तो काही पुण्याहून भाऊबीजेआधी येत नाही. आपण दोघंच समुद्रावर जाऊ."

"अगं, पाणी बघून पोट भरलं नाही का तुझं?"

"मला जागेवर राहणारं पाणी बघायचंय," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे आकडेवारी नव्हती.

शाखेत माझा बेत जाहीर झाला आणि सल्ल्यांचा काउंटर उघडला. कोकण सर्वांना पाठ असतं. गोल्डलोनवाल्या सहकाऱ्यानं मालवणच्या अलीकडच्या एका गावातलं ठिकाण सुचवलं. मी गावाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीत गावाचा काही दोष नाही. मोबाइलवर फोटो आले. निळा समुद्र, दोन माडांच्या मध्ये टांगलेली जाळीची झोळी, तीत पुस्तक वाचत पडलेला एक गोरा माणूस आणि खाली अक्षरं: 'सी-व्ह्यू खोल्या. ताजी मासळी. सूर्यास्त रोज.' सूर्यास्त रोज, हे त्यांनी खास लिहिलं होतं. मी निम्मं भाडं आगाऊ भरलं आणि पावती मागून घेतली.

२४ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल लागले. साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष टीव्हीवर होतं, आकाशाकडे कुणाचंच नव्हतं. कोण कुणाबरोबर जाणार याची चर्चा रंगली असताना अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा कुणाशीही युती न करता स्वबळावर वाढत होता. शुक्रवारी आम्ही कोल्हापूरला गाडी बदलली. फोंडा घाटात एस.टी.च्या काचेवर पहिला शिंतोडा आला. ही म्हणाली, "पाऊस?" मी म्हणालो, "घाटात असतोच. ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो." हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासानं म्हणालो, तो आत्मविश्वास तिनं ऑगस्टात एकदा ऐकला होता. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

उतरलो तेव्हा धो धो चालू होतं. मालक छत्री घेऊन फाट्यावर उभे होते. "येवा साहेबानु, येवा. वाटेत त्रास नाय ना झालो?" छत्री एक, माणसं तीन आणि बॅगा दोन. शेवटी छत्री बॅगांवर धरून आम्ही तिघं भिजत गेलो.

खोलीत शिरल्याबरोबर मी खिडकीचा पडदा सारला. पैसे सी-व्ह्यूचे भरले होते, तेव्हा व्ह्यू मोजून घेणं भाग होतं. बाहेर पांढरं होतं. नुसतं पांढरं. कुणी ओली चादर वाळत घातल्यासारखं.

"समुद्र?" मी विचारलं.

"थंयच आसा," मालक म्हणाले. "पावसात दिसणा नाय."

"आणि मासे?"

"मासो खंयचो? एकय होडी भायर पडाक नाय."

झाडाला टांगलेली झोळी मात्र होती. वाऱ्यानं ती माडाला गुंडाळून बसली होती. रात्री जेवायला डाळ, भात, वालीची भाजी आणि पापड. सोलकढी होती, म्हणून कोकणात असल्याचं कळलं. मी तिखलं, तळलेली सुरमई आणि तिसऱ्यांचं सुकं यांची मनातल्या मनात केलेली तरतूद मनातल्या मनात रद्द केली.

नऊला वीज गेली. मग फोनची रेंज गेली. मग माझी विनोदबुद्धी गेली. राहिला तो फक्त समुद्राचा आवाज. फोटोत समुद्राला आवाज नसतो, ही फार मोठी फसवणूक आहे. गाज म्हणतात ती ऐकायला गोड असते, असं मी कवितांवरून समजत होतो. ही गाज म्हणजे शंभर मालगाड्या एकाच रुळावरून जाव्यात तशी होती, आणि प्रत्येक गाडी आमच्या खोलीतच थांबणार असं वाटत होतं.

"अहो, आवाज वाढलाय का?"

"नाही. अंधारात कान वाढतात."

एकच्या सुमारास मला जाग आली. मेणबत्ती लावलेली. ही जमिनीवरच्या बॅगा उचलून टेबलावर ठेवत होती.

"अगं, समुद्र आहे तो! तो कशाला आत येतोय?"

"कृष्णेबद्दल तुम्ही हेच म्हणाला होता," ती म्हणाली. रागानं नाही. एखाद्या ग्राहकानं पासबुकातली नोंद वाचून दाखवावी तसं.

मी उठलो. माझे बूट कपाटाच्या डोक्यावर ठेवले. पायपुसणं खुर्चीवर ठेवलं. कोपऱ्यातला प्लास्टिकचा स्टूलसुद्धा उचलून पलंगावर घेतला. कशासाठी घेतला, ते आजही सांगता येणार नाही. मग आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन, मध्ये स्टूल ठेवून बसलो.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो. गॅसचा नंबर कधी लावायचा, पोराचा क्लास, सोसायटीचा पंप. अशा अंधारात, दुसरं काही करण्यासारखं नसताना बोललो नव्हतो. मी म्हणालो, "त्या दिवशी सामान वर न्यायला हवं होतं. तू म्हणत होतीस. मी ऐकलं नाही. चूक माझी."

बराच वेळ मालगाड्या गेल्या.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी म्हणताय, याचीच वाट बघत होते."

"मग तू तरी का नाही म्हणालीस?"

"मी म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. तुम्ही म्हणालात म्हणून झालं नाही."

चूक दुरुस्तीची नोंद अडीच महिने उशिरा झाली, पण झाली. व्याजाचा प्रश्न तिनं काढला नाही. मी तर मुळीच काढला नाही.

पहाटे झोप लागली. सकाळी मालक चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. जमिनीवर काही नाही. सगळं टेबलावर, कपाटावर, पलंगावर. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सांगलीचे काय ओ?"

पुढे मला कळलं, की हे चक्रीवादळ होतं आणि त्याचं नाव 'क्यार'. आपल्या भागातल्या समुद्रांवरच्या वादळांना नावं द्यायची यादी शेजारच्या देशांनी मिळून केलेली असते. हे नाव म्यानमारचं. आमच्या अंगणातून ते काही गेलं नाही, दूर समुद्रातच राहिलं. २७ तारखेला त्याचं महाचक्रीवादळ झालं, २००७ च्या 'गोनू'नंतरचं अरबी समुद्रातलं पहिलं. मग ते ओमानच्या दिशेनं निघून गेलं. गंमत म्हणजे त्याच्या पाठोपाठ महिनाअखेरीस जे वादळ आलं त्याचं 'महा' हे नाव ओमाननं दिलेलं. पोचपावती मिळाली म्हणायची. त्यात दिवाळीची अमावास्या. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, समुद्राला उधाण येतं. त्यावर वादळी वारा. शनिवारी पाणी किनारा खाऊन सुरूच्या बनापर्यंत चढलं होतं. म्हणजे आम्ही जागेवर राहणारं पाणी बघायला नेमके त्या चार दिवसांत गेलो, जेव्हा ते जागेवर नसतं. तारखा आधी ठरवण्याचा हा परिणाम.

शनिवारी सकाळी आम्ही पत्ते खेळलो. दोघांत रमी खेळणं म्हणजे एकाच शाखेत स्वतःच स्वतःला डिमांड ड्राफ्ट पाठवण्यासारखं असतं. दहाच्या सुमारास ही मागच्या पडवीत गेली आणि तशीच परत आली.

"अहो, चला. भात उचलायचंय."

मागं मालकांचं शेत होतं. भात कापून दोन दिवस उन्हात पसरलं होतं, आणि ऊनच रजेवर गेलेलं. कापलेलं सगळं पीक पाण्यात आडवं. मालक, त्यांची बायको आणि धाकटा भाऊ गुडघाभर चिखलात उभे होते. मजूर मिळण्यासारखा नव्हता, कारण प्रत्येकाचंच शेत त्या दिवशी बुडालं होतं. हिनं एक लोंबी उचलून माझ्या नाकासमोर धरली. दाण्याच्या टोकाशी बारीकसा पांढरा ठिपका. "उद्या कोंब येतील," ती म्हणाली.

मी पातळी विचारली नाही. खूण विचारली नाही. गेल्या वर्षी काय झालं होतं, तेही विचारलं नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

माझ्या नोकरीत सर्वांत जड वस्तू म्हणजे लेजर, आणि तीसुद्धा संगणक आल्यापासून उचललेली नाही. ओल्या भाताचा भारा म्हणजे काय चीज असते, ते मला त्या दिवशी समजलं. पहिला भारा डोक्यावर घेतला आणि माझी उंची इंचभर कमी झाली. दुसऱ्याला मान आत गेली. तिसऱ्याला मी चिखलात बसलो, आणि मालकांच्या भावानं भारा आधी उचलला, मला नंतर. प्राधान्यक्रम बरोबर होता. ही मात्र पदर खोचून अशी चालत होती, की मालकांची बायको विचारती झाली, "वयनी, तुमची शेती आसा काय?" ही म्हणाली, "नाही. पिंप होतं."

भात ठेवायचं कुठं? मालकांचं घर भरलं. हिनं सरळ विचारलं, "खोल्या रिकाम्याच आहेत ना?" पावसाच्या बातम्या ऐकून बाकीच्या गिऱ्हाइकांनी बेत रद्द केले होते. आलो होतो आम्हीच, कारण आमच्या रजा मंजूर झालेल्या. मालक क्षणभर घुटमळले, आणि मग एक ते पाच नंबरच्या सी-व्ह्यू खोल्यांत भात शिरलं. त्या जागेची सर्व खोल्या भरण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. आमच्या खोलीतसुद्धा पलंगाभोवती पेंढ्या उभ्या केल्या. रात्री वीज आली तेव्हा पंखे पूर्ण वेगात भातावर सोडले आणि आम्ही दोघं घामाघूम होऊन मधोमध झोपलो. व्हरांड्यात बाकावर पेंढ्या आपटून झोडणी चालू होती. मीही तीसेक पेंढ्या झोडल्या. आमच्या मॅनेजरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की हात आपोआप चालत होता.

रविवारी पहाटे मालकांच्या आईनं उठवलं. नरकचतुर्दशी. कोकणात तिला चावदिस म्हणतात. तुळशीपुढे पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, म्हणजे नरकासुर मेला. मी नेम धरून अंगठा मारला, तर कारीट टुणकन उडून आजींच्या पायाशी गेलं. नरकासुर निसटला. दुसऱ्या प्रयत्नात मेला. मग फराळाला पोहे. गुळाचे, ताकातले, तिखट अशा तऱ्हा. त्या दिवशी पोहे नव्या भाताचे व्हायचे असतात. मला वाटलं, या वर्षी कुठले नवे पोहे? पण आजींनी आदल्या रात्री, कोंब न फुटलेलं भात निवडून, भाजून, कांडून मूठ मूठ पोहे केलेच होते.

"पोह्यांक भात भिजत घालूचाच लागता," आजी म्हणाल्या. "औंदा देवानच घालून दिल्यान."

ज्यांचं निम्मं पीक शेतात कुजलं होतं, त्या बाईनं हा विनोद केला. मी इतकी वर्षं विनोदी लिहितो. ते पोहे खाताना मला माझ्या सर्व लेखांची लाज वाटली.

सोमवारी दुपारी पाऊस थांबला आणि आम्हाला समुद्र दिसला. निळा नव्हता. चहात दूध कमी पडल्यासारखा त्याचा रंग होता. किनाऱ्यावर ओंडके, नारळ, प्लास्टिकच्या बाटल्या आणि कुणाची तरी एक चप्पल. सूर्यास्ताच्या वेळेला ढगांमागे कुठंतरी सूर्यास्त झाला. ही सुरूच्या झाडाला टेकून, लांबूनच बघत होती. पाणी दोन दिवसांपूर्वी जिथवर आलं होतं, तिथून पुष्कळ मागं गेलेलं.

"आहे की जागेवर," ती म्हणाली.

"आत्ता आहे," मी म्हणालो.

ती हसली. ऑगस्टनंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. अल्बम बघून हसली होती ते वेगळं.

मंगळवारी सकाळी मी उरलेल्या निम्म्या भाड्याचे पैसे पुढे केले. मालकांनी हात मागं घेतला. "तुमची मजुरी आणि माजा भाडा, फिटला," ते म्हणाले. शुक्रवारी मी 'साहेब' होतो, मंगळवारी 'भाऊ' झालो होतो. मी बँकेतला माणूस, हिशेब असा तोंडी मिटवणं माझ्या जिवावर येतं. मी कागदावर आकडा मांडून पाहिला. आमच्या दोघांची मजुरी जास्तीत जास्त धरली, माझ्या पडण्याचे पैसे वजा केले, तरी देणं आमच्याकडेच निघत होतं. शेवटी हिनं निकाल दिला. पैसे त्यांनी घ्यायचे, आणि तांदूळ आम्ही घ्यायचा. निघताना वीस किलोचं पोतं एस.टी.च्या टपावर चढलं. तेही मीच चढवलं.

शाखेत सगळ्यांनी विचारलं, "काय, मजा आली?" मी म्हणालो, "मासे नाहीत, समुद्र नाही, सूर्यास्त नाही, वीज नाही. पाठ धरली आहे." सगळ्यांना फार बरं वाटलं. दुसऱ्याची सहल फसल्याइतका आनंद पगारवाढीनंही होत नाही.

तो तांदूळ आम्ही रिकाम्या पिंपात भरला. ते पिंप तेव्हापासून दर वर्षी जूनच्या पंधरा तारखेला ही म्हणते, "उचला," आणि मी उचलतो. माळ्यावर ठेवतो, दसऱ्याला खाली काढतो. २०२१ च्या जुलैत कृष्णामाई पुन्हा आमच्याकडे येऊन गेली. कपाट पुन्हा फुगलं, पण पिंप वर कोरडं होतं. त्या रात्री कोकणातून मालकांचा फोन आला. "भाऊ, भात उचलल्यात मां?"

उचलला होता. आणि मालवणचा सूर्यास्त आम्ही अजून पाहिलेला नाही. ही म्हणते, पुढच्या वेळेस कॅलेंडर न बघता जाऊ. मी हो म्हणालो आहे. तारीख तेवढी बघून सांगतो, असंही म्हणालो आहे.